अकरा प्रश्नचिन्हं

"सर, तिन्ही टूल बघून झाली. आता तुम्ही म्हणाल ते," असं म्हणून टीममधल्या सगळ्यात हुशार मुलीने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. डेटा मॉडेल, म्हणजे कुठली माहिती कशाला जोडायची याचा आराखडा, काढण्यासाठी नवं टूल घ्यायचं होतं. निवृत्तीला तीन आठवडे उरलेल्या माणसाच्या शब्दाला वजन असतं, असा या मुलांचा समज होता. मी तो मोडला नाही.

जुनं टूल अठरा वर्षांपूर्वी मीच निवडलं होतं. चौकोन रेखीव, रेघा काटकोनात, ग्राहक बघतच राहील अशी प्रिंट. तेव्हा मला दिसण्याचं भारी वेड. माझ्या शेजारची सहकारी मात्र भिंतीवर कागद चिकटवून शिसपेन्सिलीने काम करायची. आम्ही तिला पेन्सिलबाई म्हणायचो, अगदी तोंडावर. माहितीचे दोन चौकोन जोडणाऱ्या प्रत्येक रेघेवर ती आधी प्रश्नचिन्ह काढायची. एकाला एक की एकाला अनेक, हे प्रत्यक्ष काम करणाऱ्या माणसाला विचारल्याशिवाय ती खोडरबराला हात लावत नसे. माझ्या टूलमध्ये प्रश्नचिन्हाला जागाच नव्हती. 'एक' किंवा 'अनेक' निवडल्याशिवाय प्रिंट निघत नसे. हे टूल माणसाला खोटं बोलायला लावतं, असं ती म्हणाली, तेव्हा मी हसण्यावारी नेलं.

एका प्रसूती रुग्णालयाच्या कामात तिने कागदावरचं चित्र टूलमध्ये उतरवायला घेतलं आणि अकरा रेघा अडल्या. आराखडा त्याच दिवशी पाठवायचा होता. ती तिथल्या सिस्टरना विचारायला गेली आणि इकडे मी माझ्या जागेवर बसून अकराच्या अकरा रेघा पाच मिनिटांत भरून मोकळा झालो. एका बाळंतपणाला एक बाळ. माझ्या घरी दोन्ही वेळा तसंच झालं होतं. दुसरं काही डोक्यातच आलं नाही.

तासाभराने ती धापा टाकत परत आली. "अरे, जुळी असतात ना! आपण दोघंही कसे विसरलो?"

"पाठवलं मी. पुढच्या वेळी दुरुस्त करू."

तिने त्यानंतर दोनदा आठवण करून दिली. मी दोन्ही वेळा पुढच्या वेळेवर ढकललं. मग आठ महिन्यांनी चौकशीच आली. जुळ्यातल्या दुसऱ्या बाळाला नोंदीत जागा नसल्यामुळे सिस्टर त्याची माहिती चिठ्ठीवर लिहून ठेवत. एका मुलीची चिठ्ठी हरवली आणि कानांची तपासणी राहून गेली. तिला ऐकू येत नाही, हे घरच्यांना उशिरा कळलं.

आराखड्याच्या कोपऱ्यात नाव पेन्सिलबाईचं होतं, कारण चित्र सुरू करणाऱ्याचंच नाव टूल छापायचं. साहेबांनी आम्हा दोघांना समोर बसवलं. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं. मी तोंडात मिठाची गुळणी धरली. "चित्र माझंच आहे," एवढंच ती म्हणाली, आणि महिन्याभरात नोकरी सोडून गेली. ती आता कुठे असते, मला माहीत नाही. शोधायचीही हिंमत झाली नाही.

"सर, हे बघा ना." मुलांनी नमुन्यादाखल नेमका तोच जुना आराखडा एका नव्या टूलमध्ये उघडला होता. कोणी, कधी, काय बदललं, ते यात दिसतं. जुन्या टूलने हे इतकी वर्षं पोटात ठेवलं होतं. अकराही रेघांसमोर माझं नाव होतं. वेळ, दुपारी दोन चाळीस.

"या तुम्ही भरल्या होत्या?"

"हो. तिने नाही, मी."

हे वाक्य मी मनात किती वर्षं घोकत होतो. पण कोणी चमकलं नाही.

"तिने म्हणजे?" मुलीने विचारलं. त्या खोलीत पेन्सिलबाईला ओळखणारं कोणीच नव्हतं.

कोपऱ्यातलं नाव बदलून माझं टाक, असं मी सांगितलं. मुलीने ते टाकलं आणि प्रिंट काढून हातात दिली. नव्या टूलमध्ये रेघ ठरवायची बाकी ठेवता येते का, असं मी विचारलं. तिन्हींत नाही येत, आणि तशी गरज कोणाला पडते सर, असं ती म्हणाली.

मी पेन्सिल मागितली. चौघांनी खिसे, बॅगा, ड्रॉवर धुंडाळले. कोणाकडेच नव्हती.