कुंकवाखालचे चेहरे

मित्रांनो, मी एक जुने सोन्याचे नाणे आहे. वय अठराशे वर्षांच्या वर. या वयात दचकू नये; पण यंदा जो हादरलो, तो अजून सावरलेलो नाही.

रोमच्या टांकसाळीत दोन ठशांमध्ये ठेवून माझ्यावर घण घातला आणि माझा जन्म झाला. एका बाजूला सम्राटाची राणी उमटली. दुसऱ्या बाजूला तिचे दोन मुलगे, समोरासमोर, आणि भोवती साम्राज्य अक्षय असल्याची ग्वाही देणारी अक्षरे. पुढे मिरी घ्यायला निघालेल्या गलबतातून मी हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर उतरलो. किती हातांतून फिरलो ते आठवत नाही. कुणा सोनाराने राणीच्या डोक्यावर भोक पाडले आणि मला पुतळ्यांच्या माळेत ओवले. ती माळ एका शिपाई घराण्याबरोबर दख्खनहून ग्वाल्हेरला आली आणि शेवटी सुमनताईंच्या गळ्यात पडली.

त्यांच्या घरी राणीची लक्ष्मी झाली. दर दिवाळीला हळदकुंकू लागे, आणि ते कधी पुसायचे नाही असा दंडक होता. "लक्ष्मीचं कुंकू पुसतात का गं?" त्या म्हणायच्या. थर चढत गेले, अक्षरे बुजली. मागचे दोघे म्हणजे राम-लक्ष्मण. त्यांची मुले, अवंतिका आणि धाकटा सुश्रुत, भांडली की सुमनताई मला उलटे धरायच्या. "बघा, हे कधी भांडले का?"

आपल्याला बोलता येत नाही, हे तेव्हा मला बरे वाटे.

या उन्हाळ्यात सुमनताई गेल्या. बहीण-भाऊ माळ वाटून घ्यायला सराफ्यात आले. बाकीच्या पुतळ्यांचे दोन सारखे भाग झाले. मी एकटा उरलो.

"ताई, तू ठेव."

"नको, तूच ठेव."

"घे ना. आई तर माळ तुलाच घालायला द्यायची!"

"आणि तू? तेराव्याच्या दुपारीच निघून गेलास."

"ऑफिस होतं माझं!" सुश्रुत सोनाराकडे वळला. "भैया, काट दो. आधा-आधा."

अवंतिकेने मला सोनारापुढे सरकवले.

"पहले धो लें," सोनार म्हणाला, "मैल कौन तौले?" रिठ्याच्या पाण्यात सुमनताईंचे सगळे कुंकू वाहून गेले. अवंतिकेने मान फिरवली होती.

मग ऐरण. राणी खाली, भाऊ वर. छिन्नी बरोबर दोघांच्या मधे टेकली. घणाखाली जन्मलेला मी, मला वाटले होते घावाची भीती कधीच सरली. पहिला घाव बसला आणि मी थरारलो.

आवाजाने अवंतिकेने पाहिले. "थांबा!"

ती कॉलेजात इतिहास शिकवते; पण कुंकवाखालचा मी तिला कधी दिसलोच नव्हतो. तिने मला दिव्याखाली धरून अक्षरे वाचली.

"सुश्रुत, हे राम-लक्ष्मण नाहीत."

"फिर कौन?" त्याने विचारले.

"रोमचे राजपुत्र. बापामागे थोरल्याने धाकट्याला मारवलं. तो आईच्या कुशीत शिरला होता रे, तिथंच. आणि मग हुकूम काढला, त्याचा चेहरा दिसेल तिथून खरवडून टाका."

सुश्रुतने मला तिच्या हातातून घेतले. "यातला धाकटा कोणता?"

"उघड्या डोक्याचा."

छिन्नीची खाच त्याच्या हनुवटीपर्यंत गेली होती. सुश्रुतने तिच्यावरून अंगठा फिरवला. सोनाराने हातोडी खाली ठेवली.

दिवाळीला सुश्रुत मला घेऊन जयेंद्रगंजला बहिणीकडे आला. अवंतिकेने बोट कुंकवात बुडवले आणि ती थांबली.

"ही लक्ष्मी नाही रे."

"आई तर आहे ना? लाव."

तिने लावले.

मित्रांनो, ती खाच आता जन्माची. जुन्या वस्तूवर छिन्नी ठेवण्याआधी एकदा तिला उजेडात उलटून पाहा. त्या दिवशी वर दोघे भाऊ होते, ते सर्वांना दिसत होते. खाली, ऐरणीवर तोंड दाबलेली, त्यांची आई होती.