डाव्या पायाचा ढोल

मित्रांनो, मी एक जुना ढोल आहे. पण मला नुसता ढोल म्हटलेलं खपत नाही. मी डावा ढोल आहे. काही ड्रमसेटमध्ये दोन मोठे ढोल जमिनीवर आडवे मांडलेले असतात आणि वादक दोन्ही पायांनी पेडल दाबून ते वाजवतो. अशाच एका सेटमधला मी डाव्या पायाचा. उजव्या पायाचा ढोल माझा जुळा भाऊ. गाण्यातला पहिला ठोका त्याचा असतो, म्हणून तो स्वतःला थोरला समजतो.

आम्ही दोघे एकाच कारखान्यात जन्मलो. लाकडाचे पातळ पापुद्रे एकावर एक चिकटवून, साच्यात वाकवून आमचं अंग घडवलं. तोंडावर प्लास्टिकचं पान ताणलं आणि कडेचे स्क्रू असे पिळले, की अजून आठवलं तरी अंग आवळून येतं.

आमची मालकीण कपडे शिवते. तिला सगळे टेलरताई म्हणतात. एका मोडलेल्या बँडकडून तिने आम्हाला घरी आणलं, तेव्हा शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगं, मशीनची खडखड काय कमी होती?" पण त्या मशीननेच तिचे पाय तयार केले होते. वर्षानुवर्षं पायाने मशीन चालवणाऱ्या बाईला एका लयीत पाय हलवायला कोण शिकवणार? तिने उरलेल्या चिंध्यांची गोधडी शिवून माझ्या पोटात ठेवली. त्यामुळे माझा आवाज खोल झाला, "धुम्म!" भावाला तिने नुसती उशी दिली. तो "ठण्ण!" वाजतो. गोधडी कुणाला मिळाली, हे मी त्याला अधूनमधून ऐकवतो.

गाण्याचा कार्यक्रम असला की आमची वरात निघे. ताईचा मोठा भाऊ, म्हणजे दादा, सामान पोचवायचा टेम्पो चालवतो. तो आम्हाला उचलताना दर वेळी तेच म्हणे, "छोटी, तू बासरी का नाही गं शिकलीस?" पण मांडामांड मात्र तोच मन लावून करी. आधी सतरंजी अंथरायची. तिच्यावर रंगीत पट्ट्या चिकटवलेल्या, कोणत्या ढोलाचा पाय कुठे हे ठरलेलं. मग आम्ही दोघे, आमच्या पाठीवर लहान ढोल, भोवती झांजांचे स्टँड. शेवटी ताई स्टुलावर बसायची आणि दोन्ही पायांनी आम्हाला एकदा हळूच वाजवून बघायची. ठण्ण, धुम्म. तो आमचा रामराम होता.

मग एकदा ताई जिन्यावरून घसरली आणि तिचा डावा घोटा मोडला. प्लास्टर निघालं तेव्हा तो पाय काडीसारखा झाला होता. चालायला लागली, पण माझ्या पेडलवर पाय ठेवला की तो तसाच बसून राही. तिने पुन्हा पुन्हा करून पाहिलं. एके दिवशी ती पाय चोळत म्हणाली, "विसरला हा. याला आता काही आठवत नाही."

तेव्हापासून कार्यक्रमाला एकटा माझा जुळा भाऊ जाऊ लागला. मी कापड बेतायच्या टेबलाखाली गेलो. माझ्यावर कापडाचे तुकडे साठले, मग इस्त्री आली, मग दादाचा चहाचा कप. मित्रांनो, ढोलाला कुणी मारलं तर तो रडत नाही. कुणी मारेनासं झालं की त्याला रडू येतं.

आणि एके दिवशी शाळेतल्या गाण्याच्या बाई आल्या. मुलांच्या बँडला मोठा ढोल हवा होता. "तुमचा एक तसाच पडून आहे ना?" त्यांनी विचारलं. ताईने माझ्यावरचे कापडाचे तुकडे बाजूला सारले. मग म्हणाली, "न्या. उद्या संध्याकाळी या." शाळा चांगलीच असते, मला ठाऊक आहे. पण मला देणं म्हणजे तिने आपल्या डाव्या पायाची आशा सोडणं होतं, आणि माझा जीव तिथेच अडकला होता.

मला नीटनेटकं पाठवायचं म्हणून तिने आमच्या दोघांच्या खोळी धुतल्या. तिनेच शिवलेल्या, दिसायला सारख्या. ओळखीसाठी माझ्या खोळीला पांढरं बटण, भावाच्या खोळीला काळं. सगळ्यांच्या गुंड्या-काजं जागच्या जागी लावणारी ही बाई, पण त्या दिवशी तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. तिने माझी खोळ भावाला आणि त्याची मला घातली.

दुसऱ्या दिवशी दुपारी कार्यक्रम होता. दादाने काळं बटण पाहिलं आणि मला उचलून टेम्पोत टाकलं. सभागृहात खोळ काढली तेव्हा ताई ओरडली, "अरे दादा, हा डावा आहे!" दादा घाम पुसत म्हणाला, "ढोल तो ढोल. आता परत कोण जाणार? वाजव की!" लोक बसले होते, गायिका उभी होती. मला मधोमध मांडून ताईने उजव्या पायाखाली माझं पेडल सरकवलं.

गाणं सुरू झालं. धुम्म! किती दिवसांनी मी बोललो! सुरुवातीला तिला माझा आवाज जड गेला, मग गाण्याने वेग घेतला आणि ती रमली. आणि तेव्हाच ते घडलं. माझा खोल आवाज इतकी वर्षं तिच्या डाव्या पायातूनच निघत आला होता. तो ऐकला आणि रिकाम्या सतरंजीवर तिचा डावा पाय उठला. खाली आला. पुन्हा उठला. ठोक्यामागे थोडा रेंगाळत, पण माझ्याच मागोमाग. तिला कळलंही नव्हतं. बाजूला उभ्या दादाने पाहिलं आणि गाणं संपायच्या आत तो ओरडला, "छोटी, पाय बघ! पाय बघ तुझा!"

ताईने खाली पाहिलं. तिच्या हातातली एक काठी निसटली. लोकांना वाटलं चूक झाली. मला माहीत आहे, तेवढा चांगला ठोका तिने आयुष्यात चुकवला नव्हता.

संध्याकाळी गाण्याच्या बाई दारात आल्या, तेव्हा मी टेबलाखाली नव्हतो. भावाशेजारी मांडलेला होतो आणि दादा गुडघे टेकून, ताईच्या कमजोर पायाला जड जाऊ नये म्हणून, माझ्या पेडलची स्प्रिंग सैल करत होता. ताई म्हणाली, "बाई, माफ करा. हा नाही देता येणार. मुलांना माझ्याकडे पाठवा, मीच शिकवीन. दोन्ही ढोलांवर."

आता मुलं येतात. ताई वाजवते तेव्हा माझा ठोका अजून किंचित उशिरा पडतो. भाऊ पूर्वी टोमणे मारायचा. हल्ली तो गुपचूप थांबतो.

मित्रांनो, आमची पानं कोरडी ठेवा, स्क्रू तपासत जा, ढोलावर चहाचा कप ठेवू नका. आणि कुणी बरेच दिवस गप्प बसलं असेल, वस्तू असो की माणूस, तर त्याला देऊन टाकण्याआधी, सोडून देण्याआधी, एकदा वाजवून बघा. ऐकणारा पाय कुठेतरी असतो.