तिसऱ्या खांबावरचा कलमापक

मी कलमापक बोलतोय. नाव भारदस्त असलं, तरी अंगाने काडेपेटीएवढा. खांब केसभर कलला, तरी मला कळतं आणि दर दहा मिनिटांनी मी तो आकडा पालिकेच्या कचेरीत धाडतो.

शहर 'स्मार्ट' करायचं ठरलं, तेव्हा चाळीस भावंडांसोबत मला कारखान्यातून आणलं आणि शाळेसमोरच्या पादचारी पुलाच्या तिसऱ्या खांबाला चिकटवलं. उद्घाटनाला फोटो निघाले. त्यानंतर माझी विचारपूस केली ती फक्त कोळ्यांनी.

दोन वर्षं सुरळीत गेली. मग खांब कलू लागला. रोज थोडा, अगदी थोडा. मी आकडे धाडत राहिलो. पण शेजारच्या खांबांवरची भावंडं सांगत होती, सगळं ठीक. त्यांचे खांब खरंच ठीक होते. कचेरीतल्या संगणकाने ठरवलं, दोघं एक सांगतात, तिसरा भलतंच; म्हणजे तिसरा बिघडला. माझ्या नावापुढे लाल फुली पडली. खरं बोलून खोटं ठरणं फार जिव्हारी लागतं.

त्याच सुमारास कचेरीत नगररचनेची एक विद्यार्थिनी इंटर्नशिपला आली. तीन महिन्यांची पाहुणी. साहेब तिला 'शिकाऊ' म्हणत. बिघडलेल्या यंत्रांची यादी करायची, एवढंच तिचं काम. ते खुर्चीत बसूनही झालं असतं. ही मात्र प्रत्येकापाशी जाऊन खातरजमा करायची.

एका सकाळी ती माझ्यापाशी आली. शाळेच्या शिपाईकाकांची शिडी मागून घेतली आणि पिशवीतून ओळंबा काढला. तिचे बाबा गवंडी; ओळंबा त्यांचाच. खांबाच्या माथ्यावरून दोरी सोडून, खाली वजनाचं टोक आलं तिथे तिने खूण केली. दोन दिवसांनी दुपारी ती परत आली; काकांनी शिडी आणून दिली आणि तिने पुन्हा दोरी सोडली. टोक खुणेपासून बोटभर सरकलं होतं.

तिने तिथूनच फोन लावला. "साहेब, खांब कलतोय. पूल बंद करायला हवा."

"अगं, ते यंत्र बिघडलंय. तुझ्याच यादीत आहे."

"मी ओळंब्याने बघितलंय. दोन दिवसांत बोटभर."

"बंद करून काही निघालं नाही, तर उत्तर मी द्यायचं. उद्या माणूस पाठवतो."

"साहेब, अर्ध्या तासात शाळा सुटेल."

"तो अधिकार तुझा नाही." फोन बंद झाला.

तिने शिडी ओढून पुलाच्या जिन्यात आडवी टाकली. "काका, पलीकडचा जिना तुम्ही अडवाल?"

"कोणाचा हुकूम आहे?"

"कोणाचाच नाही."

काकांनी दोरीकडे पाहिलं, खुणेकडे पाहिलं. "माझी नात याच पुलावरून जाते," म्हणाले आणि रस्ता ओलांडून गेले.

घंटा झाली. जिन्यापाशी पोरं तुंबली, पालकांची कुरकुर सुरू झाली. "बाई, तुम्ही कोण लागून गेलात?" एकाने विचारलं. तिचा शिडीवरचा हात हलला नाही. वरती माझा आकडा चढतच होता, आणि मला तोंड नव्हतं. शेवटी दोन आया रस्त्यात उतरल्या, त्यांनी गाड्या थांबवल्या आणि पोरांना खालून पलीकडे नेलं.

पालकांच्या तक्रारी गेल्या, तसे तासाभराने साहेब आले, ते तणतणतच. ओळंबा दिसला तशी त्यांची चाल मंदावली. त्यांनी खांबाच्या बुडाशी टाच आपटली. आवाज पोकळ आला.

खणलं, तेव्हा खाली फुटलेली जलवाहिनी निघाली. पाण्याने माती वाहून गेली होती. माणूस मांडी घालून बसेल एवढी पोकळी झाली होती.

पूल उतरवला. अधिकार नसताना तो अडवल्याबद्दल साहेबांनी तिला लेखी समज दिली आणि त्याच दिवशी तिच्या अहवालावर सहीही केली. जाण्याआधी तिने मला खांबावरून सोडवलं, रुमालाने पुसलं.

आता मी कचेरीच्या कपाटात पडून आहे. भावंडं अजून शहरभर खांबांना चिकटून आहेत. त्यांच्यातलं एखादं कधी चारचौघांपेक्षा वेगळं बोललं, तर खुशाल शंका घ्या. फक्त फुली मारण्याआधी एकदा तिथवर चालत जा.