धुरावरून फिरवलेल्या नळ्या

बाबांच्या लघवीच्या पिशवीकडे बघून माझा दिवस ठरतो. पिशवी स्वच्छ दिसली की मी स्कूटर काढून प्रयोगशाळा गाठते. गढूळ दिसली की आई आणि मी एकमेकींकडे बघायचं टाळतो, कारण आता ताप येणार हे दोघींनाही कळलेलं असतं. अर्धांगवायू झाल्यापासून बाबांना नळी आहे. नळीच्या आत जंतू चिकटतात, थरावर थर चढवतात, आणि मग औषधाला जुमानत नाहीत.

ते चिकटूच नयेत, हेच माझं काम. ताइनानच्या विद्यापीठात ल्यू सरांच्या हाताखाली मी सिलिकॉनच्या नळ्यांवर लेप बसवते. लेप पाणी धरून ठेवतो, त्यामुळे जंतूला पाय रोवता येत नाहीत. आधीच्या सगळ्या खेपा उत्तम निघाल्या होत्या. ही शेवटचीही तशी निघाली की इस्पितळातर्फे रुग्णांवर त्यांच्या घरी चाचणी सुरू होणार होती, आणि त्यात बाबांना घेतलं होतं. निकालाची वाट बघताना माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

"आ-हुई, खुर्चीला काटे आलेत का? बस की जरा," सर म्हणाले.

"तुम्ही बघा ना आधी, सर."

त्यांनी सूक्ष्मदर्शकातून बघितलं आणि बाजूला झाले. मी डोळा लावला. रंगवलेले जंतू हिरवे चमकत होते, भाताच्या खाचरासारखे दाट.

"साध्या नळीलाही एवढे चिकटत नाहीत. काय केलंस या नळ्यांना?"

"काहीच नाही."

खरंच काही केलं नव्हतं. लेप काऊश्युंग शहरातल्या यंत्रावर चढवून आणला, तो शनिवार होता. आमच्या विभागाची वीज दुरुस्तीसाठी बंद होती, म्हणून सरांनीच नळ्यांचा डबा घरी ठेवायला सांगितला होता. घरी! मी तशीच स्कूटरवर बसले.

आई बाबांना दूधमाशाची पेज भरवत होती.

"आई, तो स्टीलचा डबा उघडला होतास?"

"उघडला तर. तू घोरत होतीस." तिने बाबांची हनुवटी पुसली. "देवळात नेला. एकेक नळी धूपपात्रावरून तीनदा फिरवून आणली. चिमट्याने हं. हात लावायचा नाही, हे ऐकून ऐकून कान किटलेत माझे."

"अगं, पण कशाला?"

"कशाला काय? बाओशेंग दादी वैद्यांचा देव. एवढी मोठी परीक्षा, आणि त्याच्या कानावर घालायचं नाही?"

आमच्याकडे ताईत फिरवतात, नव्या गाडीची किल्ली फिरवतात. माझं प्रवेशपत्र मी स्वतः फिरवलं होतं. पण धुरात तेल असतं, काजळी असते. माझ्या लेपावर तिचा लेप बसला होता. परीक्षेआधी नळ्या निर्जंतुक केल्या होत्या, तरी धूर काही मरणारा नव्हता.

सरांना सांगितलं तेव्हा ते आधी पोट धरून हसले. मला वाटलं, सुटले. नवी खेप करू. मग त्यांचं लक्ष प्रयोगशाळेतल्या यंत्राच्या खटक्याला टांगलेल्या लाल ताईताकडे गेलं आणि हसू ओसरलं.

"हा मीच धुरावरून फिरवून आणलाय," ते म्हणाले. "रुग्णांच्या घरी आया नसतात का, आ-हुई? नळी आदल्या दिवशी घरी पोचणार, परिचारिका दुसऱ्या दिवशी येणार. मधल्या वेळात ती देवळात जाऊन येईल."

"मी प्रत्येकाला बजावीन, सर."

"तुझ्या आईला बजावलं नव्हतंस?"

सरांनी चाचणीचे कागद बाजूला सारले.

"आधी धुराला टिकणारा लेप, नाहीतर घरी उघडताच येणार नाही असं पाकीट. मग चाचणी."

"किती दिवस?"

"वर्ष तरी जाईल."

मला सरांचा भयंकर राग आला. त्यांचं बरोबर होतं, म्हणून जास्तच आला. बाबांकडे वर्ष आहे का, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

संध्याकाळी घरी आले तर आई उदबत्त्या घेऊन दारात उभी.

"झाल्या ना पास?"

"नाही."

"मग पुन्हा जाऊन सांगते त्याला. आज परत डबा दे."

"जा. पण काही नेऊ नकोस बरोबर."

ती चपला घालता घालता थांबली. माझी आई अडाणी नाही.

"धुराने?" तिने विचारलं.

खोटं बोलायचं ठरवूनच मी आले होते. जमलं नाही.

"हो."

तिने उदबत्त्या कपाटावर ठेवल्या आणि बाबांच्या खाटेपाशी गेली. मीही गेले. पिशवी गढूळ होती. त्या दिवशी पहिल्यांदाच आम्ही दोघींनी नजर न टाळता एकमेकींकडे बघितलं.