तीस मीटरचा समुद्र

मित्रांनो, आता मी जे सांगणार आहे ते तुम्ही खरं मानणार नाही. नका मानू. आजवर ज्यांनी ज्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला त्या सगळ्यांच्या नावामागे पदव्या होत्या, आणि पुढे त्यांची काय गत झाली तेच मी सांगणार आहे. एका दुपारी मी एकतीस माणसं बुडवली. एकतीसच्या एकतीस अजून जिवंत आहेत, आणि त्यांतल्या चौघांची नातवंडं आत्ता माझ्यासमोर बसून नाक पुसत आहेत.

मी एक जुना आभासी चष्मा आहे. मला डोळ्यांवर बांधलं की खरं जग बंद होतं आणि कॉम्प्युटरनं रचलेलं दुसरं जग सुरू होतं. मान वळवाल तिकडे तेच जग. आता माझा पट्टा कुजला आहे आणि लास हाइबास वस्तीतल्या मच्छीमार संघटनेच्या शेडमध्ये मी खिळ्याला लटकतो आहे. खाली दोन्या एर्मेलिंदा टोपलीतल्या गळांना तारली मासळीचे तुकडे लावत बसल्या आहेत. दोन्या म्हणजे इकडे बाईमाणसाच्या नावाआधी लावायचा मान; पुरुषाला डॉन. चाळीस वर्षं त्यांनी दुसरं काही केलेलं नाही. त्यांच्याकडे लक्ष देऊ नका. मीही देत नाही.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. तिथं कामगाराच्या केसावर धुळीचा कण दिसला तरी त्याला घरी पाठवत. पांढरे हातमोजे घातलेल्या बोटांनी मला घडवलं. आम्ही आठ भावंडं एका काळ्या पेटीत निजायचो, प्रत्येकाला मऊ स्पंजचा आपापला खड्डा. अशा घरातला मी, आणि आता माकुळाच्या वासात दिवस काढतो आहे, हे लक्षात असू द्या.

त्या पेटीसकट आम्ही विद्यापीठात आलो. आमच्या मालकीणबाई प्रोफेसर लारागिबेल. आभासी जगांचा समाजाला काय उपयोग, हा त्यांच्या संशोधनाचा विषय. त्या म्हणत, माणूस खऱ्या जगात खोटं वागतो आणि खोट्या जगात खरं; म्हणून त्याला ओळखायचं तर खोट्या जगात सोडून बघावं. हे वाक्य त्यांनी तीन खंडांत वाचून दाखवलं आणि तिन्ही खंडांत टाळ्या घेतल्या.

ते माझे मानाचे दिवस होते. उंचीला भिणाऱ्या एका कारकुनाला मी रोज एका उंच पुलावर उभं केलं. महिन्याभरात तो इतका धीट झाला की घराच्या छपरावरच राहायला गेला. बायको अजून त्याला दोरीनं जेवण वर पाठवते. तुरुंगातल्या बायकांना मी मोकळं कुरण दाखवलं, तर त्यांच्या बुटांना खरंच गवत लागलेलं निघालं आणि पहारेकऱ्यांनी कुलपं दुप्पट केली. एका बिशपनं माझ्यातून स्वर्ग पाहिला आणि तक्रार केली की आत ओळखीचं कुणीच भेटलं नाही.

"बिशप कधी आला होता रे?" दोन्या एर्मेलिंदा मान वर न करता पुटपुटल्या. ऐकलंत ना? म्हणूनच म्हटलं, लक्ष देऊ नका.

तर मग लास हाइबास. नगरपालिकेला हा किनारा मोकळा हवा होता. श्रीमंतांच्या पांढऱ्या बोटी उभ्या करायला इथं जागा करायची होती. पण वस्ती उठवायला कारण लागतं, आणि कारण शास्त्रीय असलं तर कुणाला उलटून बोलता येत नाही. भूकंपानंतर मोठी लाट आली तर ह्या वस्तीतली किती माणसं वाचतील, एवढं शोधून द्या, असं त्यांनी बाईंना सांगितलं. बाईंना त्या पांढऱ्या बोटींशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांना आकडे हवे होते. मला जास्त राग ह्याचाच आहे. लोभी माणूस निदान काहीतरी मागत तरी असतो.

त्यांनी माझ्या पोटात अख्खी वस्ती उभी केली. एकेक घर, एकेक कुत्रं, चर्चच्या भिंतीवरचे पोपडे. मागची टेकडी आणि तिच्या मोजून दोनशे सहा पायऱ्या. फक्त समुद्र धक्क्यापुढे तीसच मीटर केला. लोकांनी टेकडीकडे पळायचं होतं, पाठीमागचा समुद्र कोण बघणार. आणि घरांची दारं नुसती रंगवली. जीव घेऊन पळताना दार कोण ठोठावणार.

प्रयोगाच्या दिवशी वस्तीतली चाळीस माणसं ह्याच शेडमध्ये जमली; आम्ही चष्मे आठ, म्हणून आठ-आठ जणांच्या पाच पाळ्या. पहिला आला बाउदिलिओ, दोन्या एर्मेलिंदांचा नवरा, सगळ्यांत जुना होडीवाला. त्यानं मला हातात घेऊन उलटंसुलटं केलं.

"घोड्याचा तोबरा आहे हा," तो म्हणाला. "दाणे कुठायत?"

"डॉन बाउदिलिओ, तो डोळ्यांवर बांधायचा," बाई म्हणाल्या. "आणि भोंगा वाजला की खऱ्या आयुष्यात जे कराल तेच करायचं."

"खऱ्या आयुष्यात मी आधी शिव्या देतो."

"द्या. त्यांची नोंद होणार नाही."

"मग कसला प्रयोग हा. निम्मं माणूस बाहेरच राहिलं की."

लोक हसले. त्या दिवसापासून ह्या वस्तीत माझं नाव तोबरा पडलं. पांढऱ्या हातमोज्यांनी घडवलेला मी, मित्रांनो. त्यानं मला कपाळाला असं आवळलं की माझ्या स्पंजात खवले रुतले.

भोंगा वाजला. लाट यायला बारा मिनिटं. बाउदिलिओनं टेकडीकडे पाहिलंसुद्धा नाही, तो होड्यांकडे पळाला. इथल्या होडीवाल्यांची रीतच ती. जमीन जोरात आणि बराच वेळ हलली की होडी खोल पाण्यात न्यायची. तिथं लाट नुसती खालून उचलते आणि सोडून देते. होडी वाचली तर उद्याची भाकरी वाचली. त्यानं हवेतच इंजिनाची दोरी ओढली आणि निघाला. तीस मीटरवर समुद्र संपला. पुढे निळी भिंत. तो दोन्ही हातांनी ती भिंत ढकलत राहिला. त्याच्यामागून दुसरा आला, तिसरा आला. एकोणीस होडीवाले त्या दिवशी ह्या शेडमध्ये हवा ढकलत उभे होते. लाट आली आणि कॉम्प्युटरनं प्रत्येकाच्या नावापुढे लिहिलं, बुडाला.

बायकांची तऱ्हा वेगळी नव्हती. दोन्या एर्मेलिंदा टेकडीच्या वाटेवरून आत वळल्या आणि सुनिल्दाच्या दारात गेल्या. ही सुनिल्दा सात वर्षं अंथरुणाला खिळलेली. दार रंगवलेलं. बारा मिनिटं त्या ते ठोठावत राहिल्या. अशा बारा जणी बारा दारांपुढे बुडाल्या. टेकडीवर नऊ माणसं पोचली. त्यांतली सहा त्या आठवड्यात वस्तीत पाहुणी आलेली होती.

मग बाईंनी प्रश्नावली काढली. "आत आपण खरोखर उपस्थित आहोत असं किती वाटलं? एक ते सात."

"मी उपस्थित होतो," बाउदिलिओ म्हणाला. "समुद्र गैरहजर होता."

"आकडा सांगा."

"समुद्राला शून्य."

"शून्य नाही ह्यात."

"नाही कसं? तीस मीटरच्या पुढं सगळं शून्यच तर आहे."

दोन्या एर्मेलिंदा पुढे झाल्या. "प्रोफेसरबाई, सुनिल्दाचं दार उघडत नाही."

"दारं प्रयोगाचा भाग नाहीत."

"सुनिल्दा आहे ना?"

बाईंनी वहीत लिहिलं: उत्तर देताना भरकटते.

आठ महिन्यांनी अहवाल झाला. त्यात लिहिलं होतं की लास हाइबासचे रहिवासी धोक्याच्या वेळी वस्तूसाठी किंवा दुसऱ्या व्यक्तीसाठी मागे वळतात. मागे वळणारा मृत धरावा. ही सवय शिकवून जाणार नाही, तरी वस्ती टेकडीपलीकडे अकरा किलोमीटर आत हलवावी. तिकडे समुद्र नाही. गळ नाहीत, होड्या नाहीत, धूळ आहे. आणि मित्रांनो, खरं सांगतो, मला बरं वाटलं. तोबरा म्हणता काय? बसा धुळीत.

निकालाची सभा इथंच भरली. नगराध्यक्षा आल्या, त्यांचे पाच सभासद आले. बाईंनी टेबलावर कॉम्प्युटर मांडला आणि आमची काळी पेटी उघडून ठेवली. बाउदिलिओ हात वर करून उभा राहिला.

"आधी एक सांगा. मेलेल्या माणसाला सभेत बोलता येतं का?"

"कोण मेलंय?" नगराध्यक्षांनी विचारलं.

"मी. एकविसाव्या नंबरला आहे. बघा यादीत."

"खाली बसा," एक सभासद म्हणाला.

"बसतो. आम्हा बुडालेल्यांना घाई कसली."

दोन्या एर्मेलिंदा किटली घेऊन फिरत होत्या. सगळ्यांना चहा दिला आणि बाईंच्या पुढून कप उचलून नेला. "ह्यांना नको," त्या म्हणाल्या. "मेलेल्यांच्या हातचं चालत नसेल."

बाईंचा चेहरा दगडासारखा. "तुमचा राग माझ्यावर आहे," त्या म्हणाल्या, "पण आकडे माझे नाहीत. आकडे तुमचे आहेत. टेकडी समोर असताना तुम्ही पाठ फिरवलीत. मी काय करू?"

"तुम्ही केलंत तेवढं पुरे," कुणीतरी मागून म्हणालं. "आता जा."

आणि जमीन हलली.

आधी किटली सरकली, मग टेबल, मग भिंती. उभं राहता येईना. सभासद टेबलाखाली शिरले आणि तिथं जागेवरून त्यांची भांडणं झाली. थरथर थांबते न थांबते तोच सगळ्यांच्या खिशातले फोन एकदम किंचाळायला लागले आणि बाहेर खरा भोंगा वाजला.

होडीवाले धक्क्याकडे गेले. एकोणीस इंजिनं एकामागून एक सुरू झाली, आणि समुद्र तीस मीटरवर संपला नाही. बायका घराघरांत शिरल्या. दारं उघडली. चौघींनी सुनिल्दाला खुर्चीसकट उचललं. नगराध्यक्षा, सभासद आणि आमच्या बाई पायऱ्यांवर सगळ्यांच्या पुढे होते. चाळिसाव्या पायरीवर बाई थांबल्या. हात खांद्यावर गेला, खांदा रिकामा होता. त्या वळल्या आणि वर येणाऱ्या गर्दीतून, कोपरं मारत, खाली समुद्राकडे पळाल्या.

"प्रोफेसर, इकडे या," नगराध्यक्षा ओरडल्या. बाईंनी ऐकलं नाही. दोन्या एर्मेलिंदांच्या खांद्यावर सुनिल्दाच्या खुर्चीचा पाय होता, तरी त्यांनी मनगट फिरवून घड्याळ पाहिलं.

लाट आली नाही. समुद्र थोडा आत सरला, गुरगुरला, परत आला. तासाभरानं इशारा मागे घेतला आणि एकोणीस होड्या जशा गेल्या तशा परतल्या. त्याच्या आधी, सगळे टेकडीवर बसलेले असताना, दोन्या एर्मेलिंदा बाईंपुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"प्रोफेसरबाई, तुमच्या तक्त्यात बारा मिनिटं होती ना?"

"हो."

"तुम्हाला एकोणीस लागली. आम्ही सुनिल्दाला घेऊन दहात वर. तुम्हाला कुठल्या रकान्यात घालायचं?"

"ते वेगळं होतं," बाई म्हणाल्या. "माझं सगळं काम त्यात होतं."

"बाउदिलिओचंही होडीत असतं."

"तुम्हाला समजणार नाही ते."

"तेवढंच तर समजलंय आम्हाला."

नगराध्यक्षांनी अहवालातलं ते वाक्य वाचायला सांगितलं. बाईंना ते पाठ होतं. "मागे वळणारा मृत धरावा," त्या म्हणाल्या. कुणी हसलं नाही. कुणी त्यांना पाणीही विचारलं नाही. नगराध्यक्षा स्वतः साठाव्या पायरीवर निसटलेला बूट शोधायला थांबल्या होत्या आणि ते दोघा सभासदांनी पाहिलं होतं. त्यामुळे त्यांनी तो अहवाल दुरुस्तीला न पाठवता तिथंच बंद केला. वस्ती राहिली. बाई खाली उतरल्या, कुणाकडे न बघता गाडीत बसल्या आणि गेल्या. चार वर्षं झाली त्याला.

आता तुम्ही विचाराल, बाई मागे कशासाठी वळल्या. माझ्यासाठी, मित्रांनो. टेबलावर तो महागडा कॉम्प्युटर होता, माझी सात भावंडं होती. त्यांतून त्यांनी मला एकट्याला उचललं, छातीशी धरलं आणि दोनशे सहा पायऱ्या चढल्या. त्यांच्या काखेतून मी टेकडीवरचा सगळा प्रसंग माझ्या ह्याच काचांनी पाहिला. त्यांच्या डोळ्यांतून एक ऊन थेंब माझ्या गार काचेवर पडला, तिथं हा तडा गेला. मग त्यांनी मला ह्या वस्तीला भेट म्हणून दिलं. तेव्हा मित्रांनो, जुन्या वस्तूंना जपा. त्यांना पुसून ठेवा, त्यांचे पट्टे कुजू देऊ नका, त्यांना वाटेल ती नावं ठेवू नका. ज्या वस्तूसाठी कुणी लाटेकडे परत धावलं, ती वस्तू—

"खोटं," दोन्या एर्मेलिंदा म्हणाल्या. गळ लावणारे हात थांबले नव्हते.

माझं बोलणं चाललंय, मी म्हणालो.

"चालू दे. तिनं कॉम्प्युटर उचलला, ती काळी पेटी बंद केली आणि पळाली. पेटीत सातच होते. तू टेबलाखाली पडला होतास, वाकायला तिला वेळ नव्हता. इशारा उठल्यावर मी किटली बघायला आले तेव्हा पायाखाली आलास. तो तडा माझ्या बुटाचा आहे." त्यांनी पुढचा गळ उचलला. "आणि टेकडीवर तू नव्हतासच. तिथं काय झालं ते तू माझ्या तोंडून ऐकलंयस."