बारा डिश आणि दुष्काळ

प्रयोगशाळेत तिला सगळे ‘दुष्काळ’ म्हणत. गेल्या वर्षी इनक्युबेटरच्या तळाच्या ट्रेमध्ये पाणी भरायला ती विसरली आणि आतड्याच्या कॅन्सरच्या पेशी डिशमध्ये सुकून मेल्या, तेव्हापासून. कॅन्सर मारायला बसलेली माणसं कॅन्सर मेला म्हणून डोळे पुसत होती. या पेशींचे लाड जावयासारखे करावे लागतात. दिवसाआड ताजं खाणं, नेमकी ऊब, आणि वर त्यांचे रुसवे.

आज सकाळी तिने सूक्ष्मदर्शकातून पाहिलं. चोवीस डिशपैकी बारांमधल्या पेशी मेल्या होत्या! नवं औषध बाराच डिशमध्ये होतं, पण कुठल्या बारा, ते आकडेवाल्या, म्हणजे संख्याशास्त्रज्ञ काकांच्या कपाटातल्या बंद पाकिटात. त्याच असतील तर तीन वर्षांच्या कष्टांचं सोनं. नसतील तर पुन्हा दुष्काळ, आणि या खेपेला नोकरीवर पाणी.

तिने आधी ट्रे पाहिला. काठोकाठ! त्याचा मुका घ्यायचाच काय तो बाकी राहिला.

“काका, पाकीट!”

“आधी मोजणी लिही, सही कर. फोडल्यावर आकडे बदलायचा मोह होतो.”

तिने तीनदा मोजलं. सही दुसऱ्याच कुणाची वाटावी अशी झाली. काकांनी पाकीट फोडलं.

“औषधाच्या डिश. तीन नंबर?”

“मेल्या!”

“सात?”

“मेल्या!”

नवव्या आकड्याला काका खुर्चीवरून उठले. बाराव्याला, जन्मात कधी न हसलेला तो माणूस यादी डोक्यावर धरून स्वतःभोवती गिरक्या घेत होता.

तिने धावत जिन्यात जाऊन आईला फोन लावला. आईला दोन वर्षांपासून हाच कॅन्सर होता.

“आई, मेल्या! बाराच्या बारा!”

“पाणी भरलं होतंस ना?”

“काठोकाठ!”

दोघी पोट धरून हसल्या. मग आईने हळूच विचारलं, “मला मिळेल का गं ते?”

खोटं बोलायला तिची जीभ रेटेना. “नाही गं. आधी हेच पुन्हा करायचं, मग उंदीर, मग माणसं. दहा वर्षं तरी.”



“बरं. मग दहा वर्षं तेवढा ट्रे कोरडा पडू देऊ नकोस.”

ट्रे भरलेलाच होता. तरी डोळे पुसत, हसत, ती पाण्याचा जग घेऊन आत गेली.