गाळलेलं पाणी आणि पेटलेलं पाचट

मित्रांनो, राजमतीच्या ओसरीवर दोरीला लोंबणारे, एका कोपऱ्यात जळालेले जुने फडके म्हणजे मी. पाणी गाळण्यासाठीच माझा जन्म झाला. इचलकरंजीच्या जाड मांजरपाटाचा तुकडा दुहेरी करून राजमतीच्या आईने मला शिवले आणि लेकीबरोबर सांगलीजवळच्या या मळ्यात, जैन शेतकऱ्याच्या घरी धाडले.

डोळ्यांना न दिसणारा जीवही मरू नये, म्हणून या घरात पाणी गाळूनच पितात. मला घागरीच्या तोंडावर बांधायचे, पाणी गाळायचे, मग मला उलटे करून धुवायचे आणि ते धुवण पुन्हा विहिरीत सोडायचे. तेही वरून ओतायचे नाही. बादली पाण्याला टेकेपर्यंत दोर सोडायचा. "जिवास्नी लागंल," राजमती म्हणायची. तिचा नवरा भूपाल मंदिरात छाती फुगवून सांगे, "जीवदया बघायची तर आमच्या घरात या."

ते ऐकून मीही फुगत असे. आता आठवले की अंगाची लाही होते.

फाल्गुनात ऊस तुटून गेला. वावरभर उसाच्या वाळक्या पानांचे पाचट पसरले होते. त्यांची मुलगी श्रद्धा शेतकी कॉलेजातून सुट्टीला आली होती. ती म्हणाली, "अण्णा, पाचट जाळू नका. बारीक करून सरीत दाबलं की खत होतंय, ओल टिकतीय."

"मला ठावं हाय की! कारखान्याच्या सभेत मान हलवून आलोय," भूपाल म्हणाला. "पर उंदरं लय होत्यात, माणसं मिळत न्हाईत. सगळा गाव जाळतोय." आणि त्याने काडी ओढली.

ठाऊक होते! मित्रांनो, त्या माणसाला सगळे ठाऊक होते!

राजमती विहिरीवर मला धूत होती. धूर पाहताच ती मला तसेच ओले घेऊन धावली आणि ज्वाळांवर आपटू लागली. माझा कोपरा पेटला, तेव्हा श्रद्धाने तिला मागे ओढले. आग विझल्यावर बांधालगत सशाची पिल्ले सापडली. एकमेकांना बिलगलेली, कोळसा झालेली. राजमती त्यांच्याजवळ बसून राहिली. रडली नाही.

दिवस मावळायच्या आत भूपाल जेवायला बसला. तिने तांब्या पुढे ठेवला.

"गाळलंय न्हवं?"

"न्हाई."

"म्हंजी?"

"तुमच्यासाठी आता गाळायची न्हाई. पाण्यातला जीव जपायचा आन पाचटातला पेटवायचा, ह्यो कसला धरम आवं?"

"अगं, सगळा गाव..."

"गाव पाणी गाळत न्हाई, आपुन गाळतो. तवा गावाकडं बघत न्हाई. मग काडी वडतानाच गाव कसा दिसतो?"

भूपाल ताटावरून उठला. त्या रात्री तो तहानलेलाच निजला. सकाळी शेजारच्या दादासोचे पाचट बारीक करायचे यंत्र आणून त्याने खालच्या वावरात घातले. तिथले पाचट अजून जाळायचे राहिले होते.

"बायकूनं तहानं मारलं वाटतं, गड्या!" कालचे बोलणे ऐकलेला दादासो हसला. दुपारी राजमतीने त्याच्यासाठी गाळलेले पाणी नेऊन बांधावर ठेवले आणि ती मागे फिरली.

खालचे वावर वाचले. ती पिल्ले गेली ती गेलीच. म्हणून माझा राग शमत नाही. ज्याला शास्त्र ठाऊक आणि ज्याला धर्मही ठाऊक, त्याच्याच हातात काडी होती. मित्रांनो, तुम्हीही शाळेत पर्यावरणावर सुंदर निबंध लिहिता. त्याला मार्क मिळतात, पण त्याने ससा वाचत नाही. उद्या तुमच्या शिवारात कुणीतरी काडी ओढील. तो परका नसेल, तुमचा बापच असेल. तेव्हा गप्प बसू नका. त्याचा हात धरा.